कॉटची बाजू

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

काल बाबांच्या डोळ्यांचं कळलं. डावा गेलाच आहे, ते माहीत होतं. आता उजव्या पडद्यावरही तेच सुरू झालंय. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला, मधला भाग पेनानं काळा केला आणि म्हणाल्या, "मधलं जातं, कडेचं राहतं. इंजेक्शनं देत राहू. पण किती टिकेल ते नाही सांगता येत. सहा महिने, वर्ष." मी सगळं वहीत उतरवून घेत होते. उतरवून घेतल्यानं काय होणार होतं देव जाणे.

बाबांनी एकच विचारलं, "शनी बघता येईल का?"

बाईंना वाटलं देवळातला. म्हणाल्या, "हो, कुणाला तरी बरोबर घेऊन जा, पायऱ्या सांभाळा."

आज सकाळी घाटकोपरहून निघाले ती चारकोपला बाबांकडे येऊन थेट माळ्यावर चढले. दुर्बीण आईच्या साडीत गुंडाळलेली. जाड पीव्हीसीचा पाइप, तळाशी सहा इंची आरसा, वर एक लहान तिरपा आरसा आणि बाजूला डोळा लावायची नळी. सगळं बाबांच्या हातचं. गिरणी गेल्यावर ते इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर म्हणून लागले होते. कामावरून आले की चहा घेऊन आरशाची काच घासायला उभे राहायचे. मोडीत निघालेल्या जहाजाच्या खिडकीची काच, दारूखान्याच्या भंगारबाजारातून आणलेली. मी तेव्हा दहावीला होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायचे. काच पिंपावर बसवलेली, बाबा तिच्यावर दुसरी काच मागेपुढे फिरवायचे, आणि पिंपापलीकडे खिडकीखाली कॉटवर आजारी आई. त्या सगळ्या महिन्यांतली मला बाबांची पाठच आठवते.

आता नळीला डोळा लावून त्यांना काही दिसत नाही. जिथे बघावं नेमका तिथेच डाग येतो. पण टीव्हीवर चित्र मोठं केलं तर कडेच्या नजरेनं बरंच दिसतं. म्हणून फोटो. मी म्हटलं, इंटरनेटवर हजार फोटो आहेत, आत्ता लावते.

"ते लोकांचे," बाबा म्हणाले. "आपल्या आरशातला काढ."

तीस वर्षं ती दुर्बीण त्यांनी काढली नव्हती. का, ते मी कधी विचारलं नाही. आई गेल्यावर घरातलं बरंच काही माळ्यावर गेलं, तसं हेही गेलं असं मी धरून चालले होते.

हे जमेल मला. वीस वर्षं अंधेरीच्या लॅबमध्ये रोज सूक्ष्मदर्शकातून रक्त बघतेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जमलं नाही. लेकीचा, ऋतिकाचा, जुना फोन नळीवर धरला. आधी सगळं काळं, मग कोपऱ्यातून एक उजेडाची चकती आली आणि निसटली. हात थरथरतो. रबरबँडनं बांधला तर फोन सुटून बाबांच्या पायावर पडला.

"शनी पावलो," बाबा म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी साडेसातला गच्चीवर गेलो. बाबांचा हात धरून जिना चढले. शनी दक्षिणेकडे चांगला वर होता. फोन बाजूला ठेवून आधी मी स्वतः बघितलं. एक सायीच्या रंगाचा बारीक गोळा, कडा फुगलेल्या. कडी कुठेच नाहीत.

"काय दिसता?"

खरं सांगायचं जिवावर आलं, तरी सांगितलं. "गोळा दिसतोय. कडी नाही दिसत बाबा. आरसा खराब झाला का?"

ते हसले. मग समजावलं, मी शाळेत असताना समजवायचे तसंच. शनीची कडी दर पंधरा वर्षांनी आपल्याकडे कड करून उभी राहतात. थाळी डोळ्यासमोर आडवी धरली की नुसती रेघ दिसते, तशी. यंदा तसं वर्ष आहे. पुढच्या वर्षापासून पुन्हा उघडत जातील.

पुढच्या वर्षी.

"आरसा पुरा झाला तेव्हाही असंच वर्ष होतं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुझ्या आवशीला खुर्चीत बसवून चौघांनी गच्चीवर आणली होती. सहा महिने तिला सांगत होतो, कडी दाखवतो, कडी दाखवतो. डोळा लावला आणि म्हणाली, कडी खंय? फसयलंस माका."

मला ती संध्याकाळ आठवत नाही. क्लासला असेन.

शेजारच्या प्रेमामावशी कपडे काढायला त्यांच्या गच्चीवर आल्या होत्या. "जया, शनिवारी शनीचं तोंड बघतेस? लोक तेल घालतात, तू दुर्बीण लावतेस."

"मावशी, तुम्हीही या बघायला."

"नको गं बाई. आमच्या ह्यांची साडेसाती आत्ता कुठे संपली."

बाबांनी मला लहानपणी शिकवलेली एक गोष्ट आज आठवली. अंधुक तारा बघायचा तर त्याच्याकडे थेट बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं, मग तो आपणहून दिसतो. आता बाबा सगळ्याकडेच तसे बघतात. माझ्याशी बोलताना माझ्या कानामागे बघतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचे जुने मित्र श्यामकांतकाका मुलुंडला असतात. निवृत्त शिक्षक. त्यांनीच बाबांना आरसा घासण्याचा नाद लावला. मी फोन केला तर आनंदले, आणि आपला ग्रहांचे फोटो काढायचा छोटा कॅमेरा लॅबवर पाठवून दिला. नळीत बसवायचा, तार लॅपटॉपला जोडायची. "काही अडलं तर विचार," म्हणाले. मग थोडं थांबून, "चंदूनं काढायला सांगितली का दुर्बीण? स्वतःहून?"

हो म्हटलं.

"बरं," म्हणाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कॅमेऱ्यात शनी म्हणजे एक मोठी धुरकट चकती, मधे काळं भोक. नळी पूर्ण आत दाबली तरी बारीक होईना. डोळ्याला चित्र जिथे मिळतं त्याच्या अलीकडे कॅमेऱ्याला मिळतं, म्हणजे नळी अजून आत जायला हवी आणि जागाच नाही. काकांनी फोनवर सांगितलं, "आरसा पाइपात वर सरकवा. इंचभर."

तळाचा लाकडी ठोकळा काढून पाइप इंचभर कापायचा. मी म्हटलं, कुणाकडून तरी कापून आणते. बाबांनी हॅकसॉ मागितली. पाइपावर गोल सुतळी बांधून घेतली, अंगठ्याच्या पेरानं अंतर मोजलं आणि कापायला बसले. एकदाही खाली बघितलं नाही. बघून तरी काय उपयोग होता. मी शेजारी हात धरायच्या तयारीत बसले होते. काप एका रेषेत आला.

त्यांच्या चेहऱ्यावर मी खूप दिवसांनी तो भाव बघितला. कामावरून आल्यावर असायचा तो.

२३ नोव्हेंबर, रविवार

शनी बारीक झाला. पण त्याला एका बाजूला शेपूट. दोन आरसे एका रेषेत नाहीत म्हणून, असं बाबा म्हणतात. मागचे तीन स्क्रू पाव पाव फेरा फिरवत दीड तास गेला. मी स्क्रू फिरवायचा, गच्ची ओलांडून लॅपटॉप बघायचा, परत जाऊन स्क्रू. बाबा खुर्चीत बसून विचारणार, "आता?" मी सांगणार, "तसंच." शेवटी शेपूट गेलं. तोवर ढग आले.

नवऱ्याचा, राजेशचा, फोन. "उद्या तरी घरी येणार का, की माहेरपण चालूच?"

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज चंद्र शनीजवळ होता. चंद्र आधी बघितला तर तो उकळत होता. पाण्याखालची फरशी हलावी तसा. दिवसभर तापलेली गच्चीची स्लॅब उष्णता सोडते, हे एक. दुसरं म्हणजे प्रेमामावशींच्या नव्या मजल्याच्या एसीचा पंखा नेमका आमच्या दुर्बिणीसमोर गरम हवा सोडत होता.

मी कठड्यावरून हाक मारली. "मावशी, अर्धा तास एसी बंद ठेवाल?"

"कशाला गं?"

"गरम हवेनं शनी हलतो."

त्यांनी आत नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अहो, आपल्या एसीनं शनी हलतोय." आतून काहीतरी उत्तर आलं. मावशी म्हणाल्या, "ते म्हणतात, आम्हाला इतकी वर्षं त्यानं हलवलं, आता जरा आम्ही हलवतो."

पण बंद केला. अर्धा तास नव्हे, दोन तास. मी आरसाही संध्याकाळी पाचलाच वर नेऊन गार व्हायला ठेवला होता. स्लॅबवर पाणी मारलं. हवा थोडी शांत झाली. आणि तेव्हा दिसलं की शनी गोल नाहीच. अंड्यासारखा आहे, तिरका ताणलेला. कड्यांची रेघ तर कुठेच नाही. त्या ताणात विरघळून गेलीय.

३ डिसेंबर, बुधवार

एका तेजस्वी ताऱ्यावर कॅमेरा लावला. तारा हा ठिपका दिसायला हवा. आमचा तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. नळी जराशी आत केली की दाणा एका दिशेला, जराशी बाहेर केली की त्याला काटकोनात. मधे कुठेच ठिपका नाही.

बाबांना सांगितलं.

"आरसा धरणाऱ्या पट्ट्या आवळल्या असतील. वायच ढिल्या कर."

७ डिसेंबर, रविवार

पट्ट्या ढिल्या केल्या. तसंच. मग म्हणाले, लहान आरसा चिकटवलाय तिथे ताण येत असेल. तो काढून तीन ठिपक्यांवर पुन्हा चिकटवला, रात्रभर वाळवला. तसंच. मग म्हणाले, नळी वाकडी बसली असेल. नळीखाली कागदाच्या घड्या घातल्या. तसंच.

बाबांकडे दर वेळी करून बघण्यासारखं एक काहीतरी असतंच. मला कौतुक वाटतं. माझा धीर सुटतो, त्यांचा नाही.

आज स्वयंपाक करताना त्यांनी स्वतः कोलंबी सोलली, हातानं चाचपून. म्हणाले, "राहतेस ना आज? उद्या नळी उलटी लावून बघू."

१२ डिसेंबर, शुक्रवार

उजव्या डोळ्यात इंजेक्शन. पडद्यामागे थोडं रक्त साकळलंय. बाई म्हणाल्या, वेग वाढलाय. या वेळी त्यांनी कागदावर गोल काढला नाही.

घरी आल्यावर बाबांनी चहा ओतला. कपाच्या शेजारी. मी काही बोलायच्या आत त्यांनी फडक्यानं पुसलं आणि परत ओतला, या वेळी बोट कपाच्या काठावर ठेवून. मी पाठ फिरवून भांडी लावत बसले.

सहा महिने असं त्या म्हणाल्या होत्या. मला आता सहा आठवडे तरी मिळतील का असं वाटतं. इतकी माणसं घरच्या दुर्बिणीतून फोटो काढतात. माझ्याकडून एक रेघ येत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

लॅबमध्ये चित्र वाईट आलं तर आम्ही एक करतो. आधी स्लाइड फिरवतो. दोष स्लाइडबरोबर फिरला तर स्लाइडचा. नाही फिरला तर वरचं भिंग फिरवून बघतो. ज्याच्याबरोबर दोष फिरेल तो चोर. इतकी साधी गोष्ट महिनाभर माझ्या डोक्यात आली नाही, कारण बाबा सांगतील तेच मी करत होते.

आज दुपारी बाबा झोपले असताना दुर्बीण समोरच्या नव्या टॉवरवर लावली. दूरच्या खिडकीची जाळी. आडवे गज कापल्यासारखे स्पष्ट, उभे गज गायब. नळी जराशी आत केली, तर उभे गज आले आणि आडवे गेले. दोन्ही एकदम कधीच नाहीत. मग कॅमेरा फिरवला. काही फरक नाही. लहान आरसा फिरवला. काही नाही. शेवटी तळाचा मोठा आरसा ठोकळ्यासकट पाव फेरा फिरवला.

दोष फिरला.

म्हणजे आरसाच गोल नाही, त्याचा बाक एका दिशेला जास्त आहे. बाबांचा आरसा. पुन्हा घासल्याशिवाय यावर कसलाही उपाय नाही, आणि पुन्हा घासायला आठवडे लागतात, आणि डोळे लागतात.

बाबा उठले. "काय करत होतीस?"

"काही नाही. धूळ पुसत होते."

कसं सांगणार? सहा महिने उभं राहून त्यांनी केलेली एकच गोष्ट.

२० डिसेंबर, शनिवार

मुलुंडला जाऊन आले. बाबांना सांगितलं नाही, घरी ऋतिकाकडे जाऊन येते म्हटलं.

श्यामकांतकाकांना मी सगळं सांगितलं, आरसा फिरवल्यापर्यंत. ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "तू शोधलंस. शाब्बास. मला वाटलं होतं, मधेच सोडशील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षांपूर्वी मीच तपासला होता तो आरसा. दिव्यासमोर पातं धरून आरशाचा बाक तपासतात तसा. चंदूला तिथेच सांगितलं होतं, हा गोल नाही."

ते हळू बोलत होते, वर्गात बोलत असतील तसं. "आरसा घासताना पिंपाभोवती फिरायचं असतं जया. पाच-सहा वेळा हात फिरवला की एक पाऊल सरकायचं. पुन्हा पाच-सहा वेळा, पुन्हा पाऊल. दिवसाला शंभर प्रदक्षिणा होतात. माणूस गोल फिरतो म्हणून आरसा गोल होतो. एकाच बाजूनं घासला तर त्याला त्याच दिशेचा बाक येतो. तुमच्या खोलीत पिंपाच्या पलीकडे काय होतं?"

"कॉट," मी म्हटलं.

"शेवंतीवहिनींची."

"हो."

"मी म्हटलं होतं, काच आमच्या गच्चीवर घेऊन ये, इथे जागा आहे. म्हणाला, संध्याकाळी घराबाहेर राहून चालणार नाही. मग म्हटलं, कॉट दोन फूट सरकव. म्हणाला, खिडकीतून तिला वारा लागतो तिथे." काका थांबले. "त्याला जमलं असतं तेवढं. स्वतः फिरता येत नव्हतं तर जागच्या जागी काच तरी फिरवत राहायची. फिटर माणूस, त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण तो उभा राहायचा एकाच जागी, तिच्याकडे तोंड करून. घासायचा कमी आणि बोलायचा जास्त."

मला बाबांची पाठ आठवली.

"वहिनी गेल्यावर महिन्याभरानं मी भेटायला गेलो. कॉट नव्हती. कुणाला तरी देऊन टाकली होती. पिंप तिथेच होतं. आणि मी मूर्खासारखा म्हणालो, चंदू, आता जागा झालीय, पुन्हा घास, पंधरा दिवसांत गोल होईल." काकांनी चष्मा घातला. "वर्षभर माझ्याशी बोलला नाही."

२१ डिसेंबर, रविवार

झोप नाही. मला रागच आलाय. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पट्ट्या ढिल्या कर, चिकटवलेलं काढ, कागदाच्या घड्या घाल. सहा आठवडे. डोळा दिवसागणिक जातोय आणि हा माणूस मला स्क्रू फिरवायला लावतोय. गेल्या सहा वर्षांत मी चारकोपला राहिले नसेन इतक्या वेळा या सहा आठवड्यांत राहिले. तेवढा सगळा वेळ वाया.

विचारावं असं मनात आलं होतं. ते सकाळी गच्चीवर गेले होते, एकटेच, कठड्याला धरून. आरसा उन्हात तापू नये म्हणून पाइपावर आईची साडी टाकत होते. मी न विचारताच खाली आले.

२४ डिसेंबर, बुधवार

लॅबमध्ये एका स्लाइडवर काम करताना हात थांबला. खिडकीचे गज आठवले. आडवे येतात किंवा उभे येतात, दोन्ही एकदम येत नाहीत.

पण मला दोन्ही कुठे हवेत? यंदा कडी म्हणजे एकच रेघ आहे. एका दिशेची.

आरसा असा फिरवायचा की त्याचा ताण कड्यांच्या रेघेवरच पडेल. रेघ रेघेतच ताणली जाईल. ती पुसली जाणार नाही. गोळा लांबट होईल तो होवो. कडी ज्या वर्षी उघडी असतात तेव्हा हे जमलं नसतं.

काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे खरं चित्र नसेल गं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

२७ डिसेंबर, शनिवार

ऋतिकाला बरोबर घेऊन आले. लॅपटॉपवर शेकडो फोटो एकावर एक ठेवून त्यातून एक स्वच्छ फोटो काढायचं काम तिचं. हवा धुरकट होती, पण हलत नव्हती. प्रेमामावशींनी न सांगता एसी बंद ठेवला होता आणि कठड्यावरून वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली. "कडी दिसली की सांग. गोळ्यासाठी मी येणार नाही."

मी बाबांना सांगितलं, "आज आरसा काढून जरा फिरवून बसवूया. कड्यांच्या दिशेनं."

मी एवढंच म्हटलं. मुलुंडचं नाव नाही, दोषाचं नाव नाही.

बाबांनी हात पुढे केले. आरसा मांडीवर घेतला. पाठीमागून त्याच्या कडेवर अंगठा फिरवत गेले आणि एका जागी थांबले. तिथे कानशीनं केलेली बारीक खाच होती. ती मी कधी बघितली नव्हती. पाठमोरीच असते ती.

"ही कॉटची बाजू," ते म्हणाले.

मग मला विचारलं, शनीची रेघ कॅमेऱ्यात कशी येते, किती तिरकी. मी हातानं दाखवली. त्यांनी माझा हात चाचपून बघितला, तिरका किती ते, आणि आरसा तेवढा फिरवून ठोकळ्यात बसवला. मी विचारलं नाही. त्यांनीही, मी एवढ्यात कुणाकडे गेले होते ते विचारलं नाही.

नळी अगदी केसभर आत. स्क्रीनवर शनी आला. लांबट, मऊ कडांचा. आणि त्याच्या मधून आरपार, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, सुईसारखी एक रेघ.

ऋतिका म्हणाली, "आई, झकास आलीय यार."

त्या रेघेतली कड्यांची किती आणि आमच्या खोलीची किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.

खाली येऊन ऋतिकानं फोटो टीव्हीवर लावला, भिंतभर. बाबांना खुर्चीत बसवलं. ते थेट टीव्हीकडे बघत नव्हते. तसं त्यांना दिसतच नाही. त्यांनी मान थोडी डावीकडे वळवली, खिडकीखालच्या, कॉट असायची त्या कोपऱ्याकडे. आता तिथे फ्रिज आहे.

बराच वेळ ते तसेच बसले. मग म्हणाले, "दिसली गो?"

"दिसली बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नसावं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं, जरा हळू.

ऋतिका झोपायला गेली. साडेनऊला मी टीव्ही बंद केला. बाबांनी मान वळवली नाही. टीव्ही बंद झाल्याचं त्यांना कळलं नसावं.